‘खाता का’ नव्हे, ‘घासता का’

दादांच्या शोकसभेत मी त्यांची नळीच बदलून टाकली. त्यांच्या मेडिकल कॉलेजचं सभागृह, समोर पांढऱ्या कोटांतली पोरं-पोरी, पहिल्या रांगेत मोठमोठे डॉक्टर... ‘परिवार की ओर से’ म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. घरात किस्से सांगायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे, त्यामुळे माइकची मला भीती नाही. भीती नसणं हाच माझा मोठा दोष. मी गंभीर चेहरा करून हिंदीत सांगितलं की, दादांनी उभं आयुष्य ‘श्वासनली’च्या कॅन्सरच्या अभ्यासाला दिलं. सभागृहात एक बारीकशी हालचाल झाली. पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक पुढे वाकून हळूच म्हणाले, “आहार नली.” मी म्हटलं, “हाँ, हाँ, वही.” जणू अन्नाची नळी आणि श्वासाची नळी म्हणजे एकाच गल्लीतली दोन घरं, टपाल कुठंही टाकलं तरी चालतं.

ज्या माणसाच्या शेजारी मी तीस वर्षं पंगतीला बसलो, त्याचं काम मला धड सांगता येऊ नये याची लोकांना गंमत वाटली असेल. पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. दादा अन्ननलिकेचे डॉक्टर होते हे मला फार चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बहुधा जीभ तिकडे वळली नाही. ‘अन्ननलिका’ म्हटलं की मला पुढचं सगळं आठवतं, आणि पुढचं सगळं सभेत सांगण्यासारखं नाही. या पुरवणीच्या संपादकांनी दादांवर लिहायला सांगितलं, तेव्हा आधी ‘नको’ म्हणालो होतो. मग वाटलं, निदान इथे तरी नळी बरोबर सांगावी.

दादा म्हणजे माझी बायको वंदना हिचे थोरले भाऊ. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात पुरानी बस्तीतलं घर, वडील रेल्वेत, आणि मुलगा डॉक्टर झाला म्हणून सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, आनंद. तो आनंद फार टिकला नाही, कारण दादांनी दवाखाना काढलाच नाही. डॉक्टर म्हणजे ज्याच्याकडे सर्दी-खोकल्याची गोळी मागता येते असा माणूस, ही आमच्या नातेवाइकांची व्याख्या. हे कॉलेजात शिकवायचे, वॉर्डात जायचे, आणि उरलेला वेळ आम्लपित्त, पोटातले व्रण आणि अन्ननलिकेचा कॅन्सर यांवर लिहीत बसायचे. त्यांचे लेख दूरदूरच्या मासिकांत छापून येत. आमच्याकडे ती मासिकं गुळगुळीत कागदाची म्हणून लोणच्याच्या बरणीखाली उपयोगी पडत. सासुरवाडीत त्यांना ‘कागदाचा डॉक्टर’ म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते विचारू नका, पुढे मी पुरेसा उघडा पडणारच आहे.

लग्नाच्या पंगतीत लोक ताटाकडे बघतात, दादा गळ्यांकडे बघत. कोण घास किती वेळ चावतो, कोण दर घासाला पाण्याचा पेला उचलतो, कोण पोळी बाजूला सारून नुसता वरणभात घेतो. कुणी म्हणालं, घास अडकल्यासारखा वाटतो, की यांचा एकच प्रश्न, “नेमका कुठं? बोट ठेवून दाखवा.” एकदा एका वरपित्याला त्यांनी भर मांडवात सांगितलं, “काका, चहा थोडा निवू द्या, इतका कढत घेऊ नका.” वरपक्षाला वाटलं, चहावरून टोमणा मारला. मला अर्धा तास समजूत घालत फिरावं लागलं. मी त्यांना म्हटलं, “दादा, लग्नात तरी सुट्टी घेत जा.” तर म्हणाले, “जावईबापू, इथं लोक आपल्या मनानं जेवून राहिले. दवाखान्यात कोणी असं दाखवते का?” ते माझ्या बायकोचे भाऊ, मला ‘जावईबापू’ म्हणून चिडवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि तो हक्क त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

एका रविवारी दुपारी ते ब्राह्मणपाऱ्यात आमच्याकडे आले ते हातात कागदांचा गठ्ठा घेऊनच. अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशंटांना आणि ज्यांना तो नाही अशांनाही विचारायचे प्रश्न होते ते. चहा कसा घेता, जळजळ होते का, तंबाखू खाता का. बहुतेक फॉर्म हिंदीत, आणि आपल्या जुन्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांसाठी एक मराठीत. मी सरकारी ऑफिसात पत्रांची भाषा तपासणारा बाबू, शुद्धलेखनाच्या बाबतीत स्वतःला फार समजणारा. दादा म्हणाले, “तुमची भाषा चांगली हाये. वाचा, आन् सांगा लोक उत्तरं काहून चुकीची देऊन राहिले. बायांचे दात काळे दिसतात, हिरड्या झिजलेल्या, आन् तंबाखूपुढं सगळ्या ‘नाही’ म्हणतात. खोटं बोलणाऱ्या वाटत नाहीत मले.”

मी फॉर्म वाचला आणि हसलो. “दादा, त्या खोटं बोलत नाहीत. तुमचं क्रियापद चुकलं. गुडाखू कोण खाते? गुडाखू घासतात.”

बाहेरच्यांसाठी सांगतो. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ कालवून केलेला काळा, ओलसर लगदा. लहान गोल डबीत मिळतो. बोटावर घेऊन दातांवर घासायचा, पाव-अर्धा तास तोंडात ठेवायचा, मग चूळ भरायची. घासणाऱ्यांच्या लेखी तो तंबाखू नाहीच, ते मंजन आहे. त्यांना ‘तंबाखू खाता का’ विचाराल तर त्या जिवाची शपथ घेऊन ‘नाही’ म्हणतील, आणि त्यात काडीचं खोटं नसेल.

दादांनी खिशातून पेन काढलं. म्हणाले, “पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ‘खाता का’वर काट मारली नाही, त्याच्याखाली वेगळा प्रश्न लिहिला, ‘गुडाखू घासता का?’ आणि हिंदीत ‘घिसते’. एवढा शिकलेला माणूस माझ्यासमोर शाळकरी मुलासारखा लिहून घेतो आहे, हे बघून मला इतका चेव आला की मी न विचारता पुढचंही सांगून टाकलं. “अर्थात आपल्यात नाही ते. हे सगळं कामवाल्या बायांचं, गावाकडच्यांचं.”

“आपल्यात म्हणजे?” दादांनी विचारलं.

“म्हणजे... आपल्या घरांमधी.”

“असं,” ते म्हणाले. ते काही त्यांनी लिहून घेतलं नाही.

हे मी बोललो त्या वेळी माझी आई, जिला सगळे माई म्हणत, मागच्या बाडीत, परसात, वांग्यांच्या वाफ्याशेजारी पाटावर बसली होती. तोंडात बोट घालून. माई सोवळ्याची, चतुर्थ्या-एकादश्या करणारी, पाऱ्यातल्या बायका जिला पूजेचं विचारायला येत अशी. सकाळी चहानंतर एकदा आणि दुपारी भांडी झाल्यावर एकदा, ती बाडीत जाऊन बसे. तेवढा वेळ तिला काही विचारायचं नाही असा घरात नियम होता. विचारलंच तर ती मान हलवून ‘हूं’ म्हणे आणि त्या ‘हूं’चा अर्थ आपण लावायचा. मी लहानपणापासून हे बघत आलो. आमच्या घरात याला ‘माईचं मंजन’ म्हणत. डबी तांदळाच्या डब्यामागे असायची, ती संपली की वंदना दुसरी आणून ठेवायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. घरात ‘गुडाखू’ हा शब्दच नव्हता. आणि नसलेल्या शब्दाबद्दल मी नुकतंच एका संशोधकाला शिकवून बसलो होतो.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला दादा आमच्याकडे होते. माई उशिरा जेवायला बसली. दादांचं लक्ष तिच्याकडे गेलं ते काही नवल नाही, नवल हे की आम्ही रोज तिच्याबरोबर जेवत होतो आणि आमचं गेलं नव्हतं. पुरणपोळी तिनं दुधात पार विरघळवली होती, तरी दर घासाला पाणी पीत होती. दादा ताट घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. “माई, कुठं अडकते? बोट ठेवून दाखवा.” माईनं छातीच्या मध्यावर बोट ठेवलं आणि लाजून हसली, जणू चोरी पकडली गेली. “वयानं होते रे बाप्पा,” ती म्हणाली. त्याच आठवड्यात दादांनी दुर्बिणीची तपासणी करवली. रिपोर्ट आल्यावर मला कॉरिडॉरमध्ये गाठून त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं. कारण एरवी ते कुणाला हात लावत ते नाडी बघायलाच.

माईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा फॉर्म भरायला एक विद्यार्थिनी आली. आपल्याच पाऱ्यातली, मराठी घरातली. तिची आई आणि वंदना हळदीकुंकवाला एकत्र असत. माईला फार बोलवत नव्हतं, म्हणून पोरीनं शेजारच्या खाटेवरच्या बाईपासून सुरुवात केली. ती बाई गावाकडची, नाकात नळी घातलेली. पोरीनं विचारलं, गुडाखू घिसती हो? ती बाई वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हव.” म्हणजे हो. संपलं. पोरीनं खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेली. मग ती माईकडे वळली. मी पुढे होऊन म्हटलं, “दे बेटा, मीच भरतो, माझं अक्षर चांगलं आहे.”

चहा कढत घेतात का, हो. जळजळ होते का, कधीकधी. तंबाखू खातात का, नाही. इथपर्यंत सगळं खरं होतं. त्याच्याखाली माझाच प्रश्न उभा होता. माझं क्रियापद, माझ्या शुद्धलेखनात. पोरगी समोर उभी. मी तिच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, मग हळदीकुंकवाच्या सगळ्या बायकांचे... आणि सुबक अक्षरात लिहिलं, ‘नाही’. याहून मोठं कारण शोधायचा मी पुढे खूप प्रयत्न केला. दुसरं कारण नाही.

पोरगी गेल्यावर माईनं डोळे उघडले. “मंजनाचं लिवलं का?”

मी उशी सारखी करू लागलो.

“डॉक्टरले खोटं सांगतलं?”

“माई, लोक वाचतात ते. तुह्या नावाले...”

“माह्या नावाले आता काय होते,” ती म्हणाली. एकेक शब्द गिळत बोलत होती. “तुह्या नावाले होईन.” आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. आमच्या माईनं मला आयुष्यात पुष्कळ टोमणे मारले, मी त्या सगळ्यांचे किस्से करून सांगितले आहेत. हा एकच सांगितला नव्हता.

दादांची कामाची एक पद्धत होती. ‘हो’ म्हणणाऱ्यांना ते पुन्हा विचारत नसत. ‘नाही’ म्हणणाऱ्यांकडे मात्र स्वतः जात, दुसऱ्यांदा. आठ-दहा दिवसांनी ते आमच्या ओसरीवर आले आणि नेहमीसारखे पाय वर घेऊन बसले नाहीत, खुर्चीत ताठ बसले. “जावईबापू, नात्याचं बाजूले ठेवा. फॉर्मचं विचारतो. माई गुडाखू घासत होत्या का?” इतकी सोपी वाट मला आयुष्यात कुणी करून दिली नसेल. मी म्हटलं, “नाही हो दादा. आमच्यात कुठलं.” त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. “बरं,” म्हणाले आणि लिहिलं. मग चहा निवेपर्यंत थांबले, प्याले, गेले. मी सुटल्यासारखा झालो. सुटल्याचा आनंद झाला हे लिहायला आज नको वाटतं, पण झाला होता.

माई तो हिवाळा काढू शकली नाही. दादांनी शेवटपर्यंत रोज येऊन तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. मी बाजूला उभा राहून बघत असे. ते मला कधी काही बोलले नाहीत, आणि मीही कधी नाही.

मग केव्हातरी त्यांचा तो अभ्यास छापून आला. ते स्वतः मासिकाची प्रत घेऊन आले, शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरली. आभारांमध्ये माझं नाव होतं, प्रश्नावलीच्या भाषेसाठी. “तुमच्या एका क्रियापदानं काम झालं, जावईबापू. आधी खरं उत्तर भेटलं पाहिजे, मग रोगाचं मूळ शोधता येते.” शहाण्या माणसानं ती प्रत कपाटात ठेवली असती. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, नावाखाली लाल रेघ मारली, प्लास्टिकमध्ये मढवली आणि आमच्या मंडळाच्या गणपतीत येईल त्याला दाखवली. ऑफिसात दाखवली. पंडरीतल्या कापडाच्या दुकानदारालाही दाखवली, ज्याला इंग्रजी येत नव्हतं. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून आभारांच्या वरचा परिच्छेद मी फार दिवसांनी वाचला. त्यात दादांनी कबूल केलं होतं की काही घरांनी लाजेपोटी ही सवय लपवली असणं शक्य आहे, आणि दोनदा विचारूनही त्यावर त्यांना उपाय सापडला नाही. एकाच पानावर मी दोनदा होतो. खाली नावानिशी, वर नावाशिवाय. आणि ते पान मी मढवलं होतं.

त्यानंतर दरवेळी ठरवायचो, आज सांगायचं. एकदा त्यांच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. मी धीर करून म्हटलं, “दादा, त्या फॉर्ममधी एक चूक होती.” त्यांनी गाडी हळू केली. “कोणती?” मी समोरच्या रिक्षाकडे बघत म्हटलं, “‘गुडाखू’च्या खालच्या ओळीत वेलांटी पहिली पाहिजे होती.” ते म्हणाले, “पुढच्या छपाईत पाहू,” आणि गाडीचा वेग पुन्हा वाढवला... तो फॉर्म पुन्हा छापायचाच नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दादा गेले ते अचानक, सकाळी फिरून आल्यावर, बूट काढता काढता. सहा आठवडे झाले.

मागच्या सोमवारी वंदना आणि मी त्यांच्या कॉलेजच्या खोलीतलं सामान आणायला गेलो. चष्मा, दोन स्वेटर, पुस्तकं. खोलीत वॉर्डात फॉर्म भरायला आलेली तीच मुलगी होती, आता स्वतः डॉक्टर, दादांच्या हाताखाली तयार झालेली. वंदना पुस्तकं बांधत होती तेवढ्यात मी तिला बाहेर बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं. म्हटलं, तो फॉर्म काढ, मी सही करून दुरुस्ती करतो.

ती शांतपणे हिंदीत बोलली. “अंकल, फॉर्म पर नाम नहीं रहता, नंबर रहता है. और पेपर तो कब का छप गया. एक फॉर्म से उतना फ़र्क़ नहीं पड़ता.” मग म्हणाली, “आप मुझसे छुपा रहे थे? मेरी नानी भी घिसती थी. पूरे पारे को मालूम था. मैंने तो सर को ख़ुद लिखवाया था.”

एवढंच. तिनं मला दोष दिला नाही, चहासुद्धा विचारला. ज्या पोरीच्या नजरेला भिऊन मी ‘नाही’ लिहिलं, तिच्या स्वतःच्या घरचं ‘हो’ त्याच गठ्ठ्यात आधीपासून पडलेलं होतं.

घरी आल्यावर मी वंदनाला सांगितलं. इतक्या वर्षांत तिच्यापाशीही बोललो नव्हतो, कारण डबी तीच आणत होती, आणि तिच्याच भावाला मी फसवलं होतं. वाटलं होतं ती रागावेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या आता. ती दादांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या बाहीवरचे गोळे काढत राहिली.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “त्या दिवाळीत माई दवाखान्यात होत्या. भाऊबीजेले दादा आला, ओवाळून झालं, आन् तबक खाली ठेवायच्या आधी त्यानं मलेही विचारलं. म्हणे, वंदे, तू तरी खरं सांग, माई घासत होत्या का.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

“काहून?” मी विचारलं.

“तुमी लिहून बसले होते ना. मी हो म्हटलं असतं तर माह्या भावापुढं तुमी खोटे पडले असते.” तिनं स्वेटरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “तुमी आता पेपरात लिहून मोकळे व्हाल. मी कोणाले सांगू?”